मल्टिकोअर प्रोग्रॅमिंगमध्ये करिअर : रावेरच्या विद्यार्थिनीला उत्तर

पत्राचा सारांश : मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे. पॅकहाऊसमधील पट्ट्यावरून जाणाऱ्या फण्यांची कॅमेऱ्याने प्रतवारी करणारा आणि त्याच वेळी मायक्रोफोनने मोटारीचा बिघडलेला आवाज ओळखणारा प्रकल्प मी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर केला आहे. पायथनमध्ये चार थ्रेड (प्रोग्रॅमचे समांतर चालणारे धागे) करूनही सेकंदाला आधीच्या ९ ऐवजी आता जेमतेम १० चित्रे तपासून होतात आणि चित्रांचे काम चालू असताना आवाज तुटतो. महागडा संगणक घ्यावा का? वडील म्हणतात, कॅम्पसमध्ये मिळेल ती नोकरी घे. नातेवाईक एआयचा क्लास लावायला सांगतात. या कामात करिअर होऊ शकते का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य 'आवाज तुटतो' हे आहे, कारण तो तुटतो हे तुमच्या लक्षात आले आणि त्याचे कारण तुम्ही शोधू लागलात. या क्षेत्रात करिअर आहे आणि तुम्ही त्याच्या दाराशी पोहोचला आहात. मात्र 'चारही कोअर (चिपवरील स्वतंत्र गणक भाग) कसे वापरावेत' हा प्रश्न बाजूला ठेवून 'ठरलेल्या वेळेत काम कसे पूर्ण करावे' हा प्रश्न तुम्ही आधी हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवा संगणक घेऊ नका. तुमच्या रास्पबेरी पायमध्ये चार कोअर आहेत. अडचण दुसरीकडे आहे. नेहमीच्या पायथनमध्ये एका प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या एका प्रोग्रॅममध्ये) एका क्षणी एकच थ्रेड पायथनच्या सूचना चालवू शकतो. जीआयएल नावाचे हे कुलूप नसलेली प्रायोगिक आवृत्ती २०२४ मध्ये पायथन ३.१३ सोबत आली, परंतु तुमच्या प्रकल्पाने तिच्यावर विसंबून राहू नये. प्रत्येक पिक्सेलवर पायथनमध्येच लूप फिरवत असाल, तर चार थ्रेड एकाच दारापाशी रांगेत उभे राहणार. तोच भाग सी++ मध्ये लिहा किंवा स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवा, म्हणजे फरक तुम्हालाच दिसेल.

तरीही वेग चौपट होणार नाही, आणि त्याचे गणित संगणकतज्ज्ञ जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले आहे. समजा, एका चित्राला १०० मिलिसेकंद लागतात आणि त्यांतील ४० मिलिसेकंद कॅमेऱ्यातून चित्र घेणे, ते उलगडणे आणि निकाल दाखवणे अशा न वाटता येणाऱ्या कामात जातात. उरलेले ६० मिलिसेकंद चार कोअरमध्ये वाटले तर १५ होतात, म्हणजे एकूण ५५. वेग दुपटीपर्यंतही पोहोचत नाही. म्हणून वाटणी करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो हे मोजून वहीत लिहा. ४८० ओळींच्या चित्राच्या १२० ओळींच्या चार पट्ट्या केल्यात, तर ५ × ५ च्या फिल्टरला (आजूबाजूचे पिक्सेल पाहून प्रत्येक पिक्सेल ठरवणाऱ्या प्रक्रियेला) पट्टीच्या कडेपलीकडच्या दोन ओळीही द्याव्या लागतात, अन्यथा नेमक्या जोडावर फणीच्या सालीवर खोटी रेघ उमटते आणि चांगला माल दुय्यम ठरतो.

आवाजाचे शास्त्र याहून कडक आहे. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (क्षणाक्षणाची मोजमापे) घेतले आणि २५६ नमुन्यांचा एक गठ्ठा धरला, तर पुढचा गठ्ठा येण्यापूर्वी तुमच्या हातात सुमारे ५.३ मिलिसेकंद असतात. सरासरी वेळ ३ मिलिसेकंद असून उपयोग नाही. एखादा गठ्ठा ६ मिलिसेकंदांना गेला की 'टक्' ऐकू येते. त्यामुळे आवाज हाताळणाऱ्या थ्रेडमध्ये फाइल लिहिणे, नवी मेमरी मागणे किंवा प्रतिमेच्या थ्रेडकडे असलेल्या कुलपाची (सामायिक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या अडसराची) वाट पाहणे यांपैकी काहीही करू नये. दोन्ही थ्रेडमधील देवाणघेवाण रिंग बफरमधून (एकाने भरत आणि दुसऱ्याने रिकामी करत जायच्या गोलाकार रांगेतून) करावी, आवाजाला वरची प्राधान्यपातळी द्यावी आणि शक्य असल्यास एक कोअर त्याच्यासाठीच राखून ठेवावा. १९९७ मध्ये मंगळावरील पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होत होता, तो याच जातीच्या दोषामुळे: कमी प्राधान्याच्या कामाकडे कुलूप होते, मधल्या प्राधान्याचे काम त्याला पुढे सरकू देत नव्हते आणि सर्वांत निकडीचे काम खोळंबून राहत होते. पृथ्वीवरून एक सेटिंग बदलून तो दोष दूर करण्यात आला. हा प्रसंग बारकाईने अभ्यासा. प्राधान्य, कुलूप आणि मुदत यांचे नाते त्यातून पक्के समजते.

आपल्या भागासाठी एक सूचना मुद्दाम करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडमध्ये चारही कोअर पूर्ण क्षमतेने चालवलेत, तर चिपचे तापमान ८० अंशांपर्यंत जाते आणि रास्पबेरी पाय स्वतःहून आपला वेग कमी करतो. सकाळी बरोबर चालणारा प्रोग्रॅम दुपारी मुदत चुकवतो, तो असा. पंखा बसवा आणि चाचणी भर दुपारी घ्या.

आता नोकरीविषयी. मोबाइलचा कॅमेरा, गाडीतील चालक-साहाय्य यंत्रणा, श्रवणयंत्रे, वैद्यकीय प्रतिमा, व्हिडिओ कॉलमधील प्रतिध्वनी काढणे या सर्व ठिकाणी हेच काम चालते आणि त्यासाठी पुणे, बेंगळुरू व हैदराबाद ही शहरे पाहावी लागतील. नवख्यांसाठीच्या जागा वेब प्रोग्रॅमिंगच्या तुलनेत कमी असतात आणि निवड अधिक चोखंदळपणे होते, ही गोष्ट वडिलांपासून लपवू नका. त्यांची काळजी रास्त आहे. केळीचा भाव एका आठवड्यात कोसळताना ज्याने पाहिला आहे, तो माणूस महिन्याच्या पगाराला महत्त्व देणारच. कॅम्पसच्या मुलाखतींना अवश्य बसा. घराला गरज असेल तर मिळालेली नोकरी स्वीकारा, पण अंतिम वर्षाचा प्रकल्प मात्र हाच ठेवा. पुढे दोन वाटा आहेत: गेट परीक्षा देऊन सिग्नल प्रोसेसिंग किंवा एम्बेडेड सिस्टिम्समध्ये (यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांच्या शास्त्रात) एम.टेक. करणे, अथवा सी-कॅट या प्रवेशपरीक्षेतून सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणे. लवकर कमावते होण्याची निकड असल्यास मी दुसरी वाट सुचवेन.

एआयचा क्लास सध्या लावू नका. ते पैसे राखून ठेवा आणि एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या व्यासपीठावरील ऑपरेटिंग सिस्टिम व संगणक रचना हे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहा. सी भाषेतील पॉइंटर (मेमरीतील पत्ते), थ्रेड आणि कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) कागदावर आकृती काढून समजावता येतील, इतके पक्के करा. बायोडेटात 'चार कोअर वापरले' असे लिहू नका. पॅकहाऊसमध्ये दिवसभराच्या चाचणीत एका चित्राला जास्तीत जास्त किती मिलिसेकंद लागले आणि आवाजाचे किती गठ्ठे चुकले, हे दोन आकडे लिहा आणि ते कसे मोजले, हे सांगण्याची तयारी ठेवा.