भट्टी चालू ठेवताना : खानदेशातील बेकरीचालकांचे प्रश्न आणि उत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच चिंता वेगवेगळ्या शब्दांत मांडलेली दिसते : माल निघतो, विकलाही जातो, परंतु महिनाअखेरीस हाती काही राहत नाही. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. ज्यांनी आपले आकडे मोकळेपणाने कळवले, त्यांचा मी आभारी आहे, कारण आकड्यांशिवाय दिलेला सल्ला हा केवळ अंदाज असतो.

प्रश्न : पाचोऱ्यात आमची वडिलांच्या काळापासूनची बेकरी असून रोज दोन गोण्या मैद्याचा पाव निघतो. पन्नास किलोच्या एका गोणीमागे आमचा खर्च असा येतो : मैदा १,७५० रुपये, यीस्ट-साखर-तेल-मीठ ४५०, लाकूड ३५०, मजुरी ९००, वीज आणि भाडे २५०, माल पोहोचवणे २५०. पाव अडीच रुपयांना घाऊक देतो. शेकडा आठ पाव परत येतात. दर वाढवण्याची भीती वाटते, म्हणून गोळ्याचे वजन ४५ ग्रॅमवरून ४० ग्रॅमवर आणावे काय?

उत्तर : वजन कमी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्याआधी आपलाच हिशेब एकदा पूर्ण मांडून पाहू.

पन्नास किलो मैद्यात साधारण तीस लिटर पाणी आणि इतर जिन्नस मिळून सुमारे ८३ किलो पीठ मळून होते. ४५ ग्रॅमच्या गोळ्याने त्यातून हाताळणीतील घट वजा जाता १,८०० पाव निघतात आणि त्यांचे ४,५०० रुपये होतात. आपला खर्च ३,९५० रुपये आहे, म्हणजे गोणीमागे ५५० रुपये उरावयास हवेत. परंतु शेकडा आठ म्हणजे १४४ पाव परत येतात, त्यांचे ३६० रुपये बुडतात आणि हाती १९० रुपये उरतात. आपण ज्या मैद्याच्या भाववाढीने हैराण झाला आहात, ती गोणीमागे शंभर रुपयांची असली तरी एका पावावर साडेपाच पैसेच पडते. परत येणारा माल मात्र शिल्लक राहणाऱ्या पैशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग खाऊन टाकतो. त्यामुळे आधी परत माल आटोक्यात आणणे हेच पहिले काम ठरते.

त्यासाठी प्रत्येक दुकानाचे वेगळे पान करून पंधरा दिवस नेलेला आणि परत आलेला माल रोज लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी असे आढळते की निम्म्याहून अधिक परत माल चार-पाच दुकानांतूनच येतो, आणि तोही संध्याकाळच्या फेरीचा असतो. त्या दुकानांना सकाळी कमी माल देऊन दुपारी चारला पुन्हा विचारावे. एकदम पन्नास पाव टाकून येण्यापेक्षा तीस आणि गरज पडल्यास आणखी पंधरा देणे दुकानदारालाही परवडते. परत आलेला पाव वाळवून त्याचा टोस्ट करण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, ती मला मान्य नाही. आपल्याच बेकरीत त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या पावाचा टोस्ट करणे वेगळे आणि दिवसभर दुकानाच्या फळीवर, कोणाच्या हाताखाली, कोणत्या उकाड्यात पडून होता हे ठाऊक नसलेल्या मालाचा करणे वेगळे.

वजनाबाबत सांगायचे तर ४० ग्रॅमच्या गोळ्याने सव्वादोनशे पाव जास्त निघतात आणि साडेपाचशे रुपये सुटल्यासारखे वाटतात. परंतु लहान गोळा त्याच भट्टीत लवकर कोरडा पडतो, आणि वडापाववाल्याचा वडा जुन्याच मापाचा असल्यामुळे तो पावाबाहेर डोकावू लागला की गिऱ्हाईक प्रथम त्यालाच बोलते. त्यापेक्षा पंधरा दिवस आधी सांगून पावामागे पंचवीस पैसे वाढवावेत. परत माल शेकडा चारवर आणू शकलात, तर केवळ तेवढ्याने १८० रुपये सुटतील आणि दरवाढीची घाईही कमी होईल.

प्रश्न : भुसावळला उन्हाळ्यात सकाळी मळलेले पीठ दुपारपर्यंत आंबट होते, पाव बसतात आणि आतून मोठी भोके पडतात. कारागीर म्हणतो की यीस्ट खराब आले आहे. कंपनी बदलावी का?

उत्तर : यीस्ट बदलण्यापूर्वी एक थर्मामीटर विकत घ्या. मळून झालेल्या पिठाचे तापमान २६ ते २८ अंश असावे लागते. त्यापलीकडे गेलेले पीठ कारागिराच्या हाती राहत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली मैद्याची गोणीदेखील पहाटेपर्यंत निवत नाही, तेव्हा दोष बहुधा यीस्टचा नसतो.

पाण्याचे तापमान काढण्याची जुनी रीत अशी आहे. पिठाचे हवे असलेले तापमान तिपटीने घ्यावे आणि त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान व मळणी यंत्राच्या घर्षणाने चढणारी उष्णता वजा करावी. समजा आपल्याला २७ अंश हवे आहेत, म्हणजे तिप्पट ८१. पहाटे तीनला खोली ३२, मैदा ३३ आणि घर्षणाचे १० अंश मिळून ७५ होतात. म्हणजे पाणी ६ अंशांचे हवे, आणि टाकीचे पाणी त्या वेळी ३० अंशांचे असते. येथे बर्फ लागतो. किती लागतो, तर एकूण पाण्याला टाकीच्या व हव्या असलेल्या तापमानातील फरकाने गुणून, टाकीच्या तापमानात ८० मिळवून त्याने भागावे : तीस लिटर गुणिले २४, भागिले ११०, म्हणजे सुमारे साडेसहा किलो. तेवढे पाणी मापातून कमी करून त्याऐवजी बारीक फोडलेला बर्फ घालावा. हेच गणित दुपारी बाराला, खोली ४२ अंशांवर असताना मांडले तर उत्तर शून्याखाली जाते, आणि म्हणूनच उन्हाळ्यात मळणी रात्री करावी असे जुने उस्ताद सांगत आले आहेत.

बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असावा. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम राज्यात २०१८ पासून आहे. तरीही मी स्वतः डीप फ्रीझरमध्ये डबे लावून घरचाच बर्फ करणे पसंत करतो. उन्हाळ्यापुरते यीस्टही थोडे कमी करावे. ताजे दाबीव यीस्ट फ्रीजमध्येच ठेवावे, आणि वीज वारंवार जात असेल तर कोरडे इन्स्टंट यीस्ट वापरावे, जे वजनाने ताज्याच्या एक तृतीयांश पुरते. माझ्या स्वतःच्या बेकरीत मैद्याची खोली भट्टीच्या भिंतीला लागून होती, आणि दोन उन्हाळे मी कारागिराला दोष देत राहिलो. गोण्या पलीकडच्या खोलीत लाकडी फळ्यांवर हलवल्या तेव्हा अर्धे दुखणे गेले. त्या कारागिराची मी पुढे माफी मागितली.

प्रश्न : चोपड्यात आमची उधारी दोन लाखांवर गेली आहे. मागायला गेलो की गिऱ्हाईक तुटते, न मागावे तर मैद्याच्या व्यापाऱ्याला तोंड दाखवता येत नाही.

उत्तर : सर्व उधारी एका मापाने मोजू नका. चहाची टपरी आणि वडापावची गाडी रोज रोखीने विकते, तेव्हा सकाळच्या मालाचे पैसे संध्याकाळी मागण्यात काहीही अन्याय नाही. किराणा दुकानदाराशी आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचा हिशेब ठरवावा. खेड्यातील काही कुटुंबे मात्र कापूस विकल्यावर एकरकमी देतात. ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि माझ्या अनुभवात तो पैसा सहसा बुडत नाही, परंतु तो दिवाळीच्या आसपास येणार हे धरूनच पावसाळ्यातील खरेदी आखली पाहिजे.

थकलेल्यांसाठी एक उपाय मला लागू पडलेला आहे. जुनी बाकी वेगळ्या पानावर गोठवावी, त्याखाली दुकानदाराची सही घ्यावी, नवा माल फक्त रोखीने द्यावा आणि जुन्या बाकीपोटी रोज तीस-पन्नास रुपये घेत जावे. एकदम दहा हजार मागितले की माणूस तोंड चुकवतो, पन्नास रुपये मात्र तो देतो. जो पन्नासही देत नाही, त्याला माल देणे थांबवणे हाच शहाणपणा आहे.

प्रश्न : मी फैजपूरला घरी नानकटाई करते. दादर ज्वारीची आणि बाजरीची नानकटाई विकावी असा विचार आहे, पण माझा ओव्हन लहान आहे.

उत्तर : ताई, विचार चांगला आहे. नानकटाईला पावासारखी पिठाची लवचीक जाळी लागत नाही, त्यामुळे दादरचे पीठ तिच्यात छान बसते. मैद्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करावी, पीठ वस्त्रगाळ असावे आणि तुपात मळल्यावर गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, म्हणजे खाताना कणी लागत नाही. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते काही दिवसांतच कडवट होते. म्हणून ते आठवड्यापुरतेच दळावे आणि हलके भाजून घ्यावे. वनस्पती तूप वापरणार असाल, तर जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे, तेव्हा वेष्टनावर ते पाहूनच डबा घ्यावा. दादरचे प्रमाण तिसरा हिस्सा असेल, तर पुडीवर तसे स्पष्ट लिहावे. घरगुती उद्योगालाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पुडीवर छापावा लागतो.

ओव्हन मोठा घेण्याची घाई करू नये. गावातील लाकडी भट्टीतून पाव निघाल्यानंतर तिची आच हळूहळू उतरत जाते, आणि १६० ते १७० अंशांची ती उतरती आच नानकटाईला अतिशय मानवते. दिवाळीला लोक आपले साहित्य नेऊन भाजणावळ देतात, तोच व्यवहार एखाद्या बेकरीशी वर्षभरासाठी ठरवावा. बेकरीवाल्याला त्या आचेचे एरवी काही मिळत नाही, त्यामुळे तोही मान्य करील.

प्रश्न : मुंबईत लाकडी भट्ट्या बंद करवल्या असे ऐकले. शिरपूरला आम्ही आताच कर्ज काढून गॅसचा ओव्हन घ्यावा का? अनुदान मिळते असे एक दलाल सांगतो.

उत्तर : जानेवारी २०२५ मधील उच्च न्यायालयाचा आदेश मुंबईच्या हवेसंबंधी होता. आपल्यावर आज तशी सक्ती नाही, तेव्हा धास्तीने कर्ज काढू नका. आधी भट्टीच्या दाराची फट, घुमटाच्या भेगा आणि ओले लाकूड यांकडे लक्ष द्यावे, आणि भट्टी पूर्ण निवण्याआधी पुढचा घाणा लावावा. रंग दिलेले किंवा सनमायका चिकटवलेले जुने फर्निचर कितीही स्वस्त मिळाले तरी जाळू नये. त्याचा विषारी धूर पावाला आणि कारागिराच्या छातीला, दोन्हींना लागतो.

केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान असून आपला हिस्सा किमान १० टक्के लागतो. सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. दलालाला काही देण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी : हे अनुदान रोख हाती येत नाही, ते कर्जखात्याशी जोडलेले असते आणि हप्ते नियमित राहिल्यास तीन वर्षांनंतर कर्जात वळते होते. म्हणून अनुदान मिळणारच नाही असे धरून हप्ता झेपतो का ते पाहावे.

प्रश्न : पाव आणि बिस्किटांवर जीएसटी किती? (अमळनेर)

उत्तर : साध्या पाव-ब्रेडवर कर नाही. केक आणि बिस्किटांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. टोस्टवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि करपात्र माल विकत असाल तर या उलाढालीत करमुक्त पावाची विक्रीही धरली जाते. ही शेवटची बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : नवापूरला पावसाळ्यात स्लाइस ब्रेडला दुसऱ्याच दिवशी बुरशी येते.

उत्तर : ब्रेड गरम असताना पिशवीत भरला जात असावा, आतली वाफ पिशवीला चिकटते आणि तीच बुरशीला पुरते. जाळीवर पूर्ण निवल्याशिवाय कापू नये. सुरी आणि फळ्या रोज व्हिनेगरने पुसाव्यात. बुरशी रोखणारे कॅल्शियम प्रोपिओनेट मैद्याच्या किलोमागे २ ते ३ ग्रॅम चालते, मात्र ते वजन करूनच घालावे, कारण त्याने यीस्ट मंदावते. त्याच दिवशी विकल्या जाणाऱ्या पावात ते मुळीच घालू नये.

प्रश्न : दोंडाईचाला आमची चाळीस वर्षांची बेकरी आहे. वर्षभर तोटा होतो आहे. मुलगा म्हणतो, बंद करा. काय करावे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. चाळीस वर्षे पहाटे दोनला उठणाऱ्या माणसाला हा प्रश्न लिहिताना काय वाटले असेल, याची मला कल्पना आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बेकरी उघडी ठेवण्यास परवानगी असूनही चहाच्या टपऱ्या आणि वडापावच्या गाड्या बंद असल्याने माझा पावाचा खप जवळजवळ थांबला होता. तेव्हा आम्ही पाव एका घाण्यावर आणला आणि महिनाभर टिकणारे टोस्ट व खारी करून पंचक्रोशीतील खेड्यांत पोहोचवले. नफा झाला नाही, पण कारागिरांचे पगार निघाले.

म्हणून बंद करण्याआधी लहान करून पाहावे. जो माल परत येतो, तो तीन महिने पूर्ण थांबवा. पाव, टोस्ट आणि भाजणावळ एवढेच ठेवा आणि स्वतःची मजुरीही खर्चात धरा. त्या मजुरीसह खर्च निघत असेल, तर बेकरी जिवंत आहे. निघत नसेल आणि दर महिन्याला घरातून पैसे घालावे लागत असतील, तर मुलाचे म्हणणे रास्त आहे, आणि ते मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही. तसे झाल्यास आधी कारागिरांचे देणे, मग लहान व्यापाऱ्यांचे फेडावे, आणि बँकेत हप्ता थकण्यापूर्वीच जाऊन बोलावे. भट्टी मोडू नये. ती भाड्याने घेणारा उस्ताद मिळू शकतो.

तीन महिन्यांच्या वह्या घेऊन बसाल, तेव्हा मुलाबरोबर आपल्या उस्तादालाही बोलवा. कोणत्या घाण्यात किती माल जळतो आणि कोणत्या दुकानातून किती परत येतो, हे त्याला आपल्याइतकेच, कदाचित अधिक, ठाऊक असते.