‘बाहेर पिण्यापेक्षा घरात बरी’ म्हणणाऱ्या बाबांना फोन कोण करणार?

पत्र:

‘मी नाशिकला, इंदिरानगरला राहते. मुलगा अकरावी सायन्सला, नुकता सोळा पूर्ण झालाय. शाळेपासूनचा त्यांचा पाच जणांचा ग्रुप आहे, कॉलेज रोडला क्लासही एकत्रच. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाचा वाढदिवस गंगापूर धरणाकडे, त्यांच्या फार्महाउसवर झाला. रात्री साडेअकराला हा मित्राच्या स्कूटरवर मागे बसून आला आणि जिन्यातच ओकला. बियर मित्राच्या वडिलांनीच आणून दिली होती. “कुठेतरी ढाब्यावर पिण्यापेक्षा आमच्या डोळ्यांसमोर प्यायलेली बरी,” असं त्यांचं म्हणणं. आमचे मिस्टर हसले. म्हणाले, झोपू दे, उतरेल. आम्ही नाही का प्यायलो? मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर सेक्रेटरींनी “घरगुती विषय आहे” म्हणून मेसेज काढायला लावला. एका शेजारणीनं मात्र हळूच कळवलं की तिची मुलगीही त्या पार्टीत होती. आता थर्टी फर्स्ट त्याच फार्महाउसवर ठरतोय. पोलिसांत जाऊ की गप्प बसू? मुलगा म्हणतो, तू काही केलंस तर मला ग्रुपमध्ये तोंड दाखवता येणार नाही.’

– इंदिरानगरची एक आई

ताई,

पोलिसांतही जाऊ नका आणि गप्पही बसू नका. त्या मित्राच्या वडिलांना फोन करा. तुम्ही स्वतः, आणि याच आठवड्यात. फोनवर काय बोलायचं ते पुढे सांगते. त्याआधी त्या रात्रीबद्दल बोलायला हवं, कारण तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत आणि मला धास्ती वाटली ती तिचीच.

‘झोपू दे, उतरेल’ हे घराघरात बोललं जातं आणि ते धोक्याचं आहे. पोटातली दारू माणूस झोपला तरी काही वेळ रक्तात चढतच राहते. उताण्या झोपलेल्या, भान नसलेल्या पोराला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. असं पुन्हा कधी घडलं, तुमच्या घरी किंवा शेजारी, तर त्याला कुशीवर झोपवा. वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा, म्हणजे तो उताणा होणार नाही. आणि उशाशी बसून राहा. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांतल्या कशानंच चढलेली उतरत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ठसका लागून भलतंच व्हायचं. हाका मारून, चिमटा काढूनही तो जागा होत नसेल, श्वास अडखळत येत असेल, अंग गार पडलं असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर लगेच १०८ ला फोन करा. लोक काय म्हणतील याची काळजी सकाळी करता येते.

आता मिस्टरांचं. ‘आम्ही नाही का प्यायलो’ म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला फक्त आपलं निभावलेलं आठवतं. ज्यांचं निभावलं नाही ते हे वाक्य बोलायला समोर नसतात. त्यांच्याशी वाद घालू नका, कागदावर एक हिशेब मांडून दाखवा. स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली, त्यात ८ टक्के अल्कोहोल. म्हणजे ५२ मिली. व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग, ४२.८ टक्क्यांचा. म्हणजे जेमतेम १३ मिली. हे आकडे बाटल्यांवरच छापलेले असतात. एक स्ट्राँग बियर म्हणजे चार पेग झाले. ‘नुसती बियर तर होती’ म्हणून ज्यावर सगळे हसतात, ते असं असतं. आणि ‘आपण वाईनच्या गावचे’ हा नाशिककरांचा लाडका विनोद कुणी केलाच, तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर माझाही राग नाही म्हणावं, पण बागेचा अभिमान आणि सोळा वर्षांच्या पोराच्या हातातला ग्लास यांचा एकमेकांशी संबंध नाही.

फार्महाउसवाल्या बाबांचा युक्तिवाद मात्र नीट ऐकून घेण्यासारखा आहे, कारण अनेक सुशिक्षित घरांत तो खरा मानला जातो. घरात प्यायला दिली की पोरगं चोरून पिणार नाही, प्रमाणात प्यायला शिकेल. कानाला पटतं. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० शाळकरी मुलांचा सहा वर्षं मागोवा घेऊन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पालकांनी दिलेल्या दारूमुळे मुलांचं संरक्षण होतं, असा कसलाही पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट घरून मिळत गेली त्यांना बाहेरून मिळवण्याचीही सवय लागण्याची शक्यता वाढली, आणि एका वेळी भरमसाट पिणं, त्यातून होणारे त्रास, हेही त्यांच्यात जास्त दिसलं. ‘प्रमाणात’ हा शब्द मुलापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती परवानगी. ग्लास देताना आपण काय सांगितलं ते बाबांच्या लक्षात राहतं. पोराच्या लक्षात राहतं ते एवढंच, की बाबांनी ग्लास दिला.

कायद्याचंही सांगून ठेवते. आपल्या राज्यात बियरला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, हार्ड आणि देशी दारूला २५. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरी सल्ल्याशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणं, किंवा ती दिली जाईल असं करणं, हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात ‘स्वतःच्या घरात दिली तर चालेल’ अशी सवलत नाही. आणि ज्या मित्रानं रात्री स्कूटर चालवली तो अठराच्या आतला असेल तर २०१९ पासून पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सतरा वर्षांचा मुलगा, त्याला दारू देणारे बार, त्याच्या हातात भरधाव गाडी, रस्त्यावर मेलेले एक तरुण आणि एक तरुणी. हे सगळं तुम्हाला माहीत असू द्या, पण फोनवर कलमं वाचून दाखवू नका. कलम ऐकलं की माणूस वकील शोधतो.

फोन असा करा. मुलांना पत्ता लागू देऊ नका. संध्याकाळी सातच्या सुमाराला, म्हणजे ते घरी आलेले पण अजून निवांत बसलेले नसतील अशा वेळी. ‘दादा, त्या रात्री आमचा मुलगा कसा आला ते तुम्हाला कळलं नसेल म्हणून सांगते,’ इथून सुरुवात. मग जे झालं ते तेवढंच, चढवून नाही. जिना, उलटी, स्कूटर. मग म्हणा, ‘तुमचा हेतू मला समजतो. पण माझा मुलगा तुमच्याकडे येईल तेव्हा त्याला दारू मिळणार नाही, हे मला तुमच्याकडून हवंय.’ आणि थांबा. ही शांतता तुम्हाला जड जाईल. ती भरून काढायला ‘तसं काही नाही हो, गैरसमज नको’ वगैरे बोलू नका. ते चिडतील किंवा ओशाळतील, दोन्ही चालेल. बहुतेक बाबा ओशाळतात, असा माझा अंदाज आहे, कारण आजवर त्यांना समोरून कुणी हे बोललेलंच नसतं. आणि ते साफ नाही म्हणाले तर थर्टी फर्स्टला तुमचा मुलगा तिथे जात नाही. तेव्हा मग कलम ७७ काढायला हरकत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही त्यासाठीच आहे.

आता ती शेजारीण. तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलात, माझ्या मते सगळ्या पत्रातली सगळ्यात कामाची बाई तीच. सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे चावडीवर केलेली तक्रार, तिथे सेक्रेटरी सावरासावरच करणार. तुम्हाला दोनशे जण नकोतच. पाच मुलांची पाच घरं आणि ही शेजारीण, बस. तिच्याकडे चहाला बोलवा सगळ्यांना. ठरवायचं एवढंच: आपल्यापैकी कुणाच्याही घरी, गच्चीवर, गाळ्यावर, फार्महाउसवर मुलांना दारू मिळणार नाही, पार्टीला एक तरी मोठं माणूस न पिता हजर असेल, आणि परतायची वेळ सगळ्यांची एकच. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अर्धी भांडणं त्यावरच होतात. ‘बाकीच्यांना बारापर्यंत सोडतात’ हे पाचही पोरं पाच घरांत सांगत असतात आणि पाचही घरं त्यावर विश्वास ठेवतात.

हे काही मी मनचं काढलेलं नाही. आइसलंड नावाचा देश आहे, लोकसंख्येनं नाशिक शहराच्या पाव भागाएवढा. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के जण सांगत होते की गेल्या महिनाभरात आपण दारू पिऊन झिंगलो होतो. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी भिंतींवर घोषणा रंगवल्या नाहीत. पालकांनी शाळेशाळेतून एकत्र येऊन लेखी करार केले, आमच्या घरी पोरांना दारू नाही म्हणून. शुक्रवारी-शनिवारी रात्री आईबाप टोळीनं वस्तीत चक्कर मारायला लागले, पोरांना पकडायला नव्हे, नुसतं दिसायला. सोळापर्यंतच्या मुलांनी रात्री किती वाजता घरात असायचं ते कायद्यानं ठरलं. आणि खेळ, नाच, संगीत यांच्या शुल्कासाठी नगरपालिका पैसे द्यायला लागल्या. आपल्याकडे सगळं जसंच्या तसं होणार नाही. पण करार आणि चक्कर यांना महापालिकेची परवानगी लागत नाही.

शेवटचा भाग, म्हणजे पोरांना दुसरं काहीतरी देणं, तो विसरू नका. आपल्याकडे ‘दुसरं काहीतरी’ म्हटलं की व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवतात. पोरं मागच्या रांगेत मोबाइल बघतात आणि वक्त्याला नारळ दिला जातो. त्यापेक्षा थर्टी फर्स्टच्या रात्री दहा ते बाराचा टर्फ बुक करा, पाच घरांत पैसे वाटून घ्या, आणि सकाळी सगळ्यांना मिसळ. स्लॉट आत्ताच बघा, नंतर मिळणार नाही. रंगपंचमीच्या वेळी पुन्हा हाच प्रश्न येईल. रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उडी मारणारी पोरं आणि मागे गल्लीत बाटली फिरवणारी पोरं बऱ्याचदा वेगळी नसतात. तेव्हाही याच घरांनी आधी बोलून घ्या.

क्लासच्या आसपासची एखादी बियर शॉपी वय न विचारता देते असं कळलं तर एक्साइजकडे, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, लेखी तक्रार करा, शक्यतो चार सह्यांनी. बायकांच्या मतदानातून ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडायची सोयही आपल्या राज्यात आहे. पण तुमच्या मुलाला बाटली दुकानातून मिळालेली नाही, म्हणून तो रस्ता आत्ता तुमचा नाही.

राहिला मुलगा. त्याला तोंड दाखवायला जागा हवी, हे तो खरंच बोलतोय. ग्रुपमध्ये एकट्यानं नको म्हणणं सोळाव्या वर्षी फार महाग पडतं. त्याला सांगा, सगळं माझ्यावर ढकल. ‘आमची आई दारात उभी राहून तोंडाचा वास घेते, वेडी आहे’, असं खुशाल सांग म्हणावं. आणि एक खुणेचा मेसेज ठरवा: ‘आजीच्या गोळ्या आणायच्या होत्या का?’ तो आला की तुम्ही फोन करायचा, घरी बोलवायचं, न्यायला जायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, पोटात काही गेल्यावर. ‘सगळेच पितात’ म्हणाला तर सांगा, २०१९ च्या केंद्र सरकारच्या अहवालात देशातल्या १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये दारू पिणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्के आहे. कॉलेज रोडला ते जास्त असेल, मान्य. तरी ‘सगळेच’ होण्यापासून ते खूप लांब आहे. तो चोरून पितोय, पैसे गायब होताहेत, क्लास बुडतोय असं दिसायला लागलं तर मात्र चहा-चर्चेवर थांबू नका. १४४१६ वर टेली-मानस आहे, १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत.

आणि थर्टी फर्स्टला पोरांना टर्फवरून घरोघर सोडायला गाडी कोण नेणार, ते त्या चहाच्या बैठकीतच ठरवून टाका. माझं मत विचाराल तर तुमच्या मिस्टरांचं नाव सुचवा. सगळ्यांसमोर सुचवलं तर नाही म्हणता येणार नाही, आणि गाडी चालवायची म्हणजे त्या रात्री त्यांनाही घेता येणार नाही.