इंग्रजी जोडशब्दांचे सिलॅबल कसे तोडायचे आणि जोर कुठे द्यायचा?

भाऊ, तुमची मुलगी ‘ब्लॅकबोर्ड’चे चार तुकडे करते आणि जोर कुठे द्यायचा ते तुम्हालाही सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवतो, आमच्या वर्गातही हेच होतं. पोरं देवनागरीतली अक्षरं मोजतात: ब्लॅ, क, बो, र्ड. सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हटला जाणारा शब्दाचा तुकडा, मात्र उच्चारलेल्या स्वरांवरून मोजतात. तिला हनुवटीखाली हात धरून तो शब्द म्हणायला लावा. हनुवटी दोनदाच खाली येईल. ब्लॅक-बोर्ड, संपलं. ‘स्कूल’ तर एकच सिलॅबल. आपण ‘इस्कूल’ म्हणून त्याचे दोन करतो.

जोडशब्द तोडताना पहिला काप सांध्यावर. ‘देवघर’ आपण देव-घर असंच म्हणतो, दे-वघर कोणी म्हणत नाही. सांधा दिसला नाही की उच्चारही चुकतो. मेंढपाळाला इंग्रजीत ‘शेपर्ड’ म्हणतात, पण पुष्कळ जण ‘शेफर्ड’ वाचतात. स्पेलिंगमध्ये पी आणि एच शेजारी आहेत खरे, पण पी ‘शीप’मधला आहे आणि एच ‘हर्ड’मधला. तो एच आता उच्चारात उरलेला नाही. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ मिळूनही असाच झिजून ‘कबर्ड’ झाला.

आता जोर. मला वाटतं, खरी मेहनत इथेच घ्यायला हवी. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही आणि दोन्ही भाग आपण सारखेच ठासून बोलतो. इंग्रजीत जोडशब्द नाम असेल तर मुख्य जोर बहुतेक वेळा पहिल्या भागावर येतो. शेतात अनुदानावर उभारतात ते ग्रीनहाउस: ‘ग्रीन’ ठसठशीत, ‘हाउस’ हलकं. मुख्य जोर ‘हाउस’वर टाकला की ते हिरव्या रंगाचं घर झालं. हा फरक तिला मोठ्याने म्हणून दाखवा, नुसता लिहून दिला तर कळणार नाही.

सरकी म्हणजे कॉटनसीड, तिथे जोर ‘कॉ’वर. कॉटन शर्टमध्ये मात्र तो ‘शर्ट’वर, कारण शर्ट कॉटनचा बनलेला असतो. वस्तू कशाची बनली हे पहिला भाग सांगत असेल तर जोर सहसा दुसऱ्या भागावर जातो. ज्यूस आणि केक याला अपवाद: ऑरेंज ज्यूसमध्ये जोर ‘ऑ’वरच. ‘ओल्ड-फॅशन्ड’सारख्या विशेषणांत बहुधा दुसरा भाग जड असतो.

शंका आली तर उच्चार देणारा शब्दकोश बघा. त्यात जोराच्या सिलॅबलआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ती रेघ पुढच्या सिलॅबलची, मागच्या नव्हे, एवढं तिला आधीच सांगून ठेवा.