संघटनेची वर्गणी भरून ओटीतल्या सिस्टरला मिळतं काय?

ताई, तुम्ही नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी रुग्णालयात भूलतज्ज्ञांच्या मदतीला असता. अमेरिकेतल्या नर्स अॅनेस्थेटिस्टांची संघटना केवढी वजनदार आहे ते तुम्ही वाचलंत, आणि ड्युटी नि घर सांभाळून आपण इथे संघटनेत जावं का, असं विचारलंय. मीही नागपूरचीच, ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरातच, केस पिकले. माझं उत्तर: जा. पण वर्गणीच्या बदल्यात काही हातात पडेल म्हणून जाऊ नका.

आधी एक घोळ सोडवते, कारण आपल्या निम्म्या मुली त्यात अडकतात. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी म्हणजे संघटनेचं सदस्यत्व नाही. परिषद कायद्याने आलेली; नोंदणी नसेल तर नोकरीच नाही. सरकारी सिस्टरांच्या संघटना बदल्या, भरती, भत्ते यांसाठी भांडतात. मे 2022 मध्ये बाहेरच्या एजन्सीकडून भरती नको म्हणून संप झाला तो त्यातलाच. मी म्हणते ती तिसरी, व्यवसायाची संघटना. 1908 पासून चालत आलेली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही तशी. खाजगीतल्या सिस्टरलाही तिथे जागा आहे, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

आता अमेरिकेचं. तिकडे खास शिक्षण घेतलेली नर्स स्वतः भूल देते. आपल्याकडे ते काम भूलतज्ज्ञ डॉक्टरचं, त्यामुळे सरळ तुलना नको. पण त्यांचं वजन आलं कुठून ते बघा. 1931 मध्ये अगाथा हॉजिन्स यांनी संघटना उभी केली. त्याच दशकात कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन या नर्सवर डॉक्टरांनी दावा ठोकला: भूल देणं म्हणजे विनापरवाना डॉक्टरकी. 1936 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. पुढे 1945 मध्ये संघटनेनं स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली, आणि 1986 च्या कायद्यानं मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्यविम्याकडून कामाचे पैसे थेट मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पहिल्या सभेपासून इथवर पन्नासच्या वर वर्षं गेली. सुरुवातीला वर्गणी भरणाऱ्या कितीतरी जणींना हे बघायलाही मिळालं नसेल.

आपल्याकडेही नियम आत्ताच लिहिले जाताहेत. डॉक्टर-नर्सांखेरीज इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या 2021 च्या कायद्यात अॅनेस्थेशिया असिस्टंट आणि टेक्नॉलॉजिस्ट यांना नावानिशी जागा मिळाली. आपल्या नर्सांसाठी 2023 मध्ये वेगळा, परिचर्या आणि सुईणकामाचा कायदा झाला. उद्या ओटीत इंजेक्शन कुणी भरायचं, मशीन कुणी तपासायचं, रिकव्हरीत पेशंटवर नजर कुणाची, हे ठरताना मसुद्यावर हरकती मागवल्या जातील. भूलतज्ज्ञांची संघटना 1947 पासून आहे. त्यांचं पत्र वेळेत जाईल. आपलं कोण लिहील?

हे लांबचं वाटत असेल तर ट्रेवरचं घ्या. स्पायनलची, म्हणजे मणक्यात टोचून कमरेखाली बधिर करायची, बुपिव्हाकेन आणि रक्तस्राव थांबवायची ट्रानेक्झॅमिक अॅसिड, यांच्या काही कंपन्यांच्या अॅम्प्युल्स इतक्या सारख्या दिसतात की रात्री दोन वाजता, सिझेरियनच्या घाईत हात चुकू शकतो. मणक्यात चुकीचं औषध गेलं तर बाई झटके येऊन दगावू शकते. जगभर असे प्रकार नोंदले गेलेत. तुम्ही एकट्या बोललात तर फार्मसीवाला म्हणेल, "सिस्टर, नीट वाचून घेत जा ना." तीच तक्रार शहरातल्या वीस ओटींमधून, दोन्ही अॅम्प्युल्सच्या शेजारी शेजारी काढलेल्या फोटोसकट, सह्यांनी गेली तर खरेदी विभागाला उत्तर द्यावं लागतं. तोवर ट्रानेक्झॅमिक स्पायनलच्या ट्रॉलीवर ठेवूच नका, दुसऱ्या कप्प्यात टाका. हे तर आजच करा.

गोडगोड चित्र रंगवत नाही. कुठल्याही शाखेत तीच चार डोकी धावपळ करतात, निम्मी बैठक 12 मेच्या परिचारिका दिनाच्या शाल-श्रीफळात जाते, आणि बोलायला उभं राहिलं की एखादी मावशी म्हणते, "तू नवी आहेस बापा." कंटाळा येतो. तरी जा, आणि पद मागू नका. त्याऐवजी सीएनईचं, म्हणजे नर्सांच्या निरंतर शिक्षणाचं, एक सत्र अंगावर घ्या. दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सगळ्यांना ते तास लागतातच, म्हणून गर्दी आपोआप होते. विषय द्या 'भूल देण्याआधीची तपासणी': सक्शन चालू आहे का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबचा कफ फुगवून बघितला का. व्याख्यानाला तुमच्याच भूलतज्ज्ञ सरांना बोलवा, बहुतेक नाही म्हणणार नाहीत. आणि 16 ऑक्टोबरला जागतिक भूल दिन असतो, तोच दिवस धरा. दिवाळीच्या सुट्ट्यांशी गाठ पडते का तेवढं आधी कॅलेंडरात बघा, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतील.