थंड पाण्यातल्या डायव्हिंगसाठी हातमोजे कसे निवडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर कोमट समुद्रातच डायव्हिंग केलंय, आता एका खोल तळ्यात कोर्स आहे, पाणी साधारण ८ अंश, खोली ३० मीटरपर्यंत. सूट भाड्याने मिळेल, हातमोजे मात्र स्वतःचे हवेत. मग सगळ्यात जाड मोजे घेतले की काम झालं ना?

नाही झालं. उलट जाडी हा शेवटी बघायचा मुद्दा आहे. आधी हे बघा की मोजे घातल्यावर हातांना काय काय करावं लागणार आहे: बीसीडीत (पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटात) हवा भरणं-सोडणं, ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट) असेल तर त्यात हवा सोडणारं छातीवरचं बटण दाबणं, मास्कमधलं पाणी काढणं, क्लिप उघडणं आणि वेळ आलीच तर वजनाचा पट्टा सोडणं. यातलं शेवटचं काम डाइव्ह संपता संपता करावं लागू शकतं, म्हणजे बोटं सर्वांत गारठलेली असतात तेव्हा. जो मोजा त्या क्षणी ते काम करू देतो, तो तुमचा मोजा.

बोटंच इतक्या लवकर का गारठतात? पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं हे तर आहेच. शिवाय बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. त्यांना हलवणारे स्नायू कोपराखाली, पुढच्या हातात असतात. म्हणजे बोटांना ऊब मिळते ती रक्तातून, आणि शरीराला थंडी वाजली की ते सर्वांत आधी हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेतं. यातून निघणारी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: तुमचे हात गार पडतायत याचं कारण अनेकदा मोज्यात नसतं, हूडमध्ये किंवा सूटमध्ये असतं. डोकं, मान आणि छाती नीट झाकलेली नसेल तर हातांवर कितीही रबर चढवा, फरक थोडाच पडेल.

आता जाडी. ढोबळ हिशेब असा चालतो: १८-२० अंशांच्या वर २-३ मिमी पुरतात, १० ते १८ च्या दरम्यान ५ मिमी, त्याखाली ७ मिमी किंवा तीन बोटांचे मोजे, आणि ७-८ अंशांखाली बहुतेक लोक ड्राय ग्लोव्ह्जकडे (हात कोरडे ठेवणाऱ्या मोज्यांकडे) वळतात. पण या आकड्यांत दोन गोष्टी येत नाहीत.

एक म्हणजे खोली. निओप्रीनची, म्हणजे ज्या फेसाळ रबराचे हे मोजे बनतात त्याची, ऊब त्याच्यातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे असते. ३० मीटरवर दाब चार बार होतो, बुडबुडे पार आक्रसतात. मधलं रबर आक्रसत नाही, म्हणून मोजा अगदी चौथाई होत नाही, पण वर ५ मिमी असलेला मोजा तळाशी बराच पातळ झालेला असतो. आणि खोल तळ्यात तळाशीच सर्वांत थंड पाणी असतं. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड होतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही वर १८-२० अंश आणि खाली ५-६ असं असू शकतं. तेव्हा तुमचे ते ८ अंश कुठल्या खोलीवरचे, हे कोर्सवाल्यांना विचाराच.

दुसरी म्हणजे बोटाचा आकार. सपाट पाठीवर रबर दुप्पट केलं तर ऊब जवळपास दुप्पट मिळते. बोटासारख्या बारीक गोष्टीवर तसं होत नाही, कारण जाडी वाढली की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि तिथून उष्णता जात राहते. म्हणून पाच बोटांचा ७ मिमी मोजा ५ मिमीपेक्षा थोडाच उबदार असतो, पण बोटं मात्र चांगलीच अडखळतात. तीन बोटांचा मोजा, ज्यात अंगठा आणि तर्जनी वेगळी आणि उरलेली तीन बोटं एकत्र असतात, तो खरोखर जास्त ऊब देतो, कारण ती तीन बोटं एकमेकांना धरून राहतात. दिसतो मात्र खेकड्याच्या नांगीसारखा, आणि हाताच्या खुणा करताना बडीला (सोबतच्या डायव्हरला) कोडं पडतं. तीन आकडा कसा दाखवायचा हे पाण्याबाहेरच ठरवून घ्या.

माप हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि इथेच लोक घाई करतात. घट्ट मोजा रक्त अडवतो, सैल मोज्यात पाणी खेळतं. दोन्हीकडून हात गारच पडतात. दुकानात जाताना स्वतःची एक क्लिप आणि बकलवाला वजनाचा पट्टा घेऊन जा. मोजा घाला, बोटं एकमेकांत अडकवून बेचक्यांपर्यंत नीट दाबून बसवा, मग टोकं बघा. नखापुढे रिकामं रबर लोंबत असेल तर क्लिपचा खटका तुम्हाला कधीच नीट पकडता येणार नाही. मग मूठ आवळा आणि मिनिटभर तशीच ठेवा. पुढचा हात भरून आला तर तो मोजा परत करा, कारण पाण्यात प्रत्येक पकडीला तुम्ही त्या रबराशी झगडणार. शेवटी डोळे मिटून क्लिप उघडा आणि पट्ट्याचं बकल सोडा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आतली शिवण आरपार गेलेली नसावी. चिकटवून वरच्यावर शिवलेली असली की पाणी कमी झिरपतं. मनगटाशी आत गुळगुळीत रबराची पट्टी हवी. चेन असलेले मोजे घालायला सोपे, पण पाणी आत यायला तीच एक वाट असते. मी बिनचेनचे घेतो. वेटसूट (आत थोडं पाणी शिरू देणारा निओप्रीनचा सूट) असेल तर त्याची बाही आधी चार बोटं वर दुमडा, मोजा घाला, मग बाही मोज्यावरून खाली उलगडा. दुसऱ्या हाताला बडीची मदत लागतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मनगटावरचा डाइव्ह कंप्यूटर (खोली आणि वेळ दाखवणारा) सगळ्यात शेवटी. त्याचा पट्टा मोज्यावरून पुरतो का, तेही घरीच बघून ठेवा.

ड्राय ग्लोव्ह्जबद्दल. ड्रायसूटच्या बाहीला रिंग असते, तिच्यावर बाहेरचा जलरोधक मोजा बसतो आणि आत लोकरीचा किंवा फ्लीसचा लाइनर. हात कोरडा राहतो, त्यामुळे ऊब कितीतरी जास्त. पण खाली जाताना मोज्यातली हवा दाबली जाते आणि मोजा हाताला चिमटे काढू लागतो. म्हणून सूटच्या मनगटाच्या सीलखालून (पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्टीखालून) एक बारीक नळी किंवा दोरी सरकवतात, म्हणजे सूटमधली हवा मोज्यात येते. याचा तोटा असा की मोजा फाटला तर पाणीही त्याच वाटेने बाहीत शिरतं. तरी मनगटाचं सील काढून टाकू नका. सील असेल तर निदान पाण्याचा ओघ मंद राहतो. हात वर केला की हवा बोटांकडे धावते आणि मोजे फुगतात, याचीही सवय करावी लागते. बुडालेल्या जहाजाच्या गंजलेल्या कडा धरायच्या असतील तर पातळ ड्राय ग्लोव्ह्ज चालत नाहीत, तळव्याला केवलार असलेले घ्या.

कोणतेही मोजे घेतलेत तरी पाण्यात अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघत जा. टेकत नसेल तर डाइव्ह तिथेच संपवून वर यायला निघा. आणि आधी दुखणारी बोटं अचानक दुखायची थांबली तर ती गरम झालेली नसतात, बधिर झालेली असतात. बाहेर आल्यावर अशा बधिर हातांवर कढत पाणी ओतू नका, भाजलेलं कळत नाही. गारठ्याने बोटं पांढरीफटक पडायची सवय असेल तर कोर्सआधी डॉक्टरांशी बोला.

तुमच्यासाठी माझं मत: भाड्याचा सूट वेटसूट असेल तर नीट मापाचे ५ मिमी पाच बोटांचे मोजे घ्या आणि सुरुवातीच्या डाइव्ह छोट्या ठेवा. भाड्याचा ड्रायसूट मिळणार असेल तर लगेच काही घेऊ नका. त्याला रिंग बसवलेली आहे का, असल्यास कोणत्या प्रकारची, हे आधी विचारा. एका कंपनीची रिंग दुसरीच्या मोज्याला बसेलच असं नाही, आणि रिंग नसेल तर पुन्हा ५ मिमीवरच यावं लागेल.