संभाजीनगर ते न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आणि किती तास?

आई-बाबांना जालन्याहून न्यूयॉर्कला पाठवायचंय, तर संभाजीनगरहून अंतर किती आणि वेळ किती, असं तुम्ही विचारलंय.

सरळ हवाई अंतर सुमारे १२,५५० किमी. चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, थेट परदेशी विमान नाही, त्यामुळे आधी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. दिल्लीमार्गे म्हणजे उलटा फेरा, असं पुष्कळांना वाटतं. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: तो अरबी समुद्राकडे न जाता वायव्येला चढतो आणि रशिया, आइसलँड, ग्रीनलँडच्या टोकावरून खाली येतो. म्हणून मुंबईमार्गे बेरीज साधारण १२,८०० भरते आणि दिल्लीमार्गे १२,७५०. फरक नाहीच म्हणा. मात्र एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला.

मुंबईहून थेट विमान मिळालं तर जाताना सुमारे १६ तास, येताना साडेचौदा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना मागून ढकलतात.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते आणि गोंधळ तिथेच होतो. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत मुंबईहून रात्री दीडला निघालं, तर १६ तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच आणि तिथे त्याच तारखेचे सकाळचे सात. तारीख तीच दिसली म्हणून प्रवास पाच-सहा तासांचा समजू नका.

घरातून घरापर्यंतचा हिशेब वेगळाच. चिकलठाणा जालना रोडवरच आहे, गाडीने सव्वा तास. तिथे दोन तास आधी, मुंबईचं उड्डाण तासाभराचं, मुंबईत पाच तासांची मोकळीक, मग १६ तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दोन. म्हणजे २७ तास धराच. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलात, तर रात्रीच्या विमानापर्यंत अख्खा दिवस बॅगा राखत बसावं लागेल. वयस्कर माणसांना मी ते सुचवणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, संभाजीनगर ते न्यूयॉर्क एकच तिकीट काढा. दोन वेगळी काढली, तर देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोच सामान चालतं आणि अमेरिकेसाठी भरलेल्या २३-२३ किलोच्या बॅगांचे जादा पैसे पडतात. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच तिकिटावर सामान चिकलठाण्यालाच पुढे पाठवता येतं. काउंटरवर बॅगेला पट्टी लावतील तेव्हा तीवर शेवटचं ठिकाण जेएफके (न्यूयॉर्कचं विमानतळ) छापलंय का ते बाबांना वाचून बघायला सांगा. नुसतं मुंबई असेल, तर तिथल्या तिथे बदलून घ्या. पावतीचे तुकडे पासपोर्टमध्येच ठेवायला सांगा, बॅग मागे राहिली तर तोच पुरावा.