रॅम नको, लूप बघा

प्रश्न: सर, मी परभणीचा, मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांचा पावसाचे आकडे आर (आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा) मधून सी भाषेतल्या फंक्शनला देतो, कधी नीट चालतं कधी सेगफॉल्ट (मेमरीत नको तिथं हात घातल्याची चूक) देऊन आरच बंद पडतं, रॅम वाढवू का?

उत्तर: पैसे ठेवा राव खिशात. तुमच्या कोडात मॅलॉकने (सी मधी मेमरी मागायचं फंक्शन) 8 घरं घेतलीत अन् लूप 1 ते 8, आर ची सवय! सी मधी मोजणी 0 पासून, शेवटचं घर 7, म्हणजे तुम्ही शेजाऱ्याच्या बांधात नांगर घातला, अन् शेजारी लगेच बोंबलतोच असं नाही, कधी कधी पार फ्री करताना, म्हणजे मेमरी परत देताना, बोंबलतो. कोड -जी (ओळींची माहिती ठेवणारा पर्याय) लावून कंपाइल करा, मग 'आर -डी व्हॅलग्राइंड' नं, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवा, हळू चालतं पण 'इनव्हॅलिड राइट' (चुकीच्या जागी लिहिलं) म्हणून नेमकी ओळ दाखवतं. आणि अ‍ॅलॉकव्हेक्टरला प्रोटेक्ट कुठंय? सी मधून बनवलेला आर चा तो व्हेक्टर राखला नाही तर आर त्याला मधेच मेमरीतून पुसू शकतं.